नानाची विडी आणि नानाचा पाय

नाना, तुझ्या दारावर मी विडीचं ताट ठेवू दिलं नाही. तुला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि देवपुरात त्याचीच चर्चा चाललीय, तेव्हा आधी तेच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐक.

आपल्या साक्रीच्या पुंडलिकनं, चुलतभावाच्या नात्यानं, सगळं रीतीप्रमाणे मांडलं होतं. अंगणात सतरंजी, पाण्याचा हंडा, आणि पितळी ताटात विड्यांचे कट्टे नि काडेपेटी. दारावर बसायला आलेला पुरुष हात जोडणार, खाली बसणार, ताटातली एक विडी उचलणार आणि मग तोंड उघडणार. आपल्याकडे दुःखाची बोलणीसुद्धा विडी पेटल्याशिवाय सुरू होत नाहीत, हे मला काय ठाऊक नाही? मी ते ताट उचललं आणि आत नेलं. सुपारी ठेवा, बडीशेप ठेवा, म्हटलं. पुंडलिक माझ्या पाठोपाठ चुलीपर्यंत आला. म्हणाला, अक्का, लोक काय म्हणतील, गेलेल्या माणसाचा काही मान असतो की नाही. मी म्हटलं, तो मान काय असतो ते मला शिकवायला येऊ नकोस, मी ह्या घरात राहिलेय. तो अंगणात परत गेला. मग झालं काय, तुझ्या दारावर आलेली निम्मी माणसं गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली उभी राहून ओढत होती, आणि उरलेली निम्मी माझ्याकडे चोरून बघत होती. बघू देत. माझं काय जातंय.

जो तो म्हणत होता, नाना देवमाणूस होता. मला त्या दुःखातही हसू आलं. देवमाणूस टोपीच्या घडीत विडी लपवत नाही. देवमाणूस धाकट्या बहिणीला डोळ्यात डोळे घालून खोटं सांगत नाही की हा वास गिऱ्हाइकाच्या अंगाचा आहे. तू देवमाणूस बिलकूल नव्हतास. तू हट्टी, खोटारडा, मनानं लोण्यासारखा मऊ असा एक शिंपी होतास, आणि माझा भाऊ होतास. मी हे रागावूनच लिहिणार. रागावल्याशिवाय मला तुझ्याशी कधी बोलताच आलं नाही, आणि तुला ते आवडायचं हे मला पक्कं माहीत आहे.

नवरा वारल्यावर मी तुझ्याकडे परत आले तेव्हा वहिनी नुकतीच गेली होती, मानमोडीच्या तापाच्या साथीत. आईवडील त्याआधीच गेलेले. घरात दोघं जण, दोघंही रिकामे. तू मला शाळेत घातलंस, मग ट्रेनिंगला पाठवलंस. भावकीतली माणसं विचारायला आली की बाईमाणसाला शिकवून करणार काय. तू म्हणालास, पुढच्या महिन्यात सांगतो. दर वेळी पुढचाच महिना, आणि तू आपला मशीनचं पायडल हाणत राहिलास. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले तेव्हा तीच माणसं पेढे खायला आली. तू त्यांना विड्या दिल्यास. तुझ्या तोंडात तर ती होतीच. तुझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात विडी नाही असं तोंड मला आठवतच नव्हतं. कापडावर ठिणगी पडू नये म्हणून तू मान एका बाजूला कलती धरून शिवायचास, आणि त्या सवयीनं तुझी मान कायमचीच जराशी वाकडी झाली होती.

आता पुलाचं.

तुझं दुकान पलीकडे जुन्या धुळ्यात, आपलं घर अलीकडे देवपुरात, माझी शाळाही पलीकडेच. सकाळी आपण दोघं बरोबर निघायचो. पांझरेच्या पुलाच्या मध्यावर आलो की तू कठड्याला टेकून उभा राहायचास, नदीत बघायचास आणि विडी पेटवायचास. विडी अर्धी झाली की म्हणायचास, चल. कितीतरी दिवस मला वाटायचं, तुला नदी बघायला आवडते. पांझरेत त्या दिवसांत बघण्यासारखं असायचं काय? चार धुणं धुणाऱ्या बाया आणि वाळू. मग तुझं थांबणं मध्यावरून अलीकडे सरकायला लागलं. पुढे पुढे तर पूल लागायच्या आतच तू कुणाच्या तरी ओट्याला हात लावून उभा. मी एकदा चिडले, मला शाळेला उशीर होत होता. तेव्हा तू खरं बोललास. म्हणालास, चालताना डाव्या पोटरीत गोळा येतो, कुणी मुठीत धरून पिळल्यासारखा. आणि वर म्हणालास, "बिडी वढी का पोटरी सुटी जास."

विडी ओढली की पोटरी सुटते. नाना, ह्या एका वाक्यापायी आपण केवढे भांडलो. तू चालायचास, पोटरी धरायची, तू थांबायचास, विडी पेटवायचास, पोटरी सुटायची. तुला वाटायचं विडीनं सुटली. मला तेव्हा खरं कारण माहीत नव्हतं, पण एवढं कळत होतं की विडी जितकी वाढतेय तितका तुझा थांबा अलीकडे येतोय. मी तसं म्हटलं की तू म्हणायचास, मास्तरणीचं डोकं उलटं चालतं.

त्या हिवाळ्यात जळगावची मथुरा आत्या आपल्याकडे राहायला आली होती. थंडी बेताचीच होती, पण तुझा डावा पाय दोन गोधड्यांखालीही गार. बोटं आधी पांढरी पडली, मग निळसर. आत्यानं हात लावून बघितला आणि निदान केलं, ह्याचं रक्त थंड पडलंय. थंडाला इलाज गरम. झालं, आत्याचा दवाखाना सुरू. सुंठ, गूळ, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. आणि विडी. कारण तंबाखू उष्ण, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. ओढ रे बाबा, म्हणायची आत्या, पायात ऊब उतरेल. तुला तर काय, सोन्याहून पिवळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरातलं कुणी तुला आग्रह करून विडी देत होतं. माझं तोंड बंद. वडील माणूस सांगतंय म्हटल्यावर मी बोलणार काय?

आणि मग ते निखाऱ्यांचं घमेलं. शेक दे म्हणाली आत्या. तू घमेल्यावर पाय धरून बसलास, दुसऱ्या पायाशी गप्पा मारल्यासारखा निवांत. मी शाळेतून आले तर घरात चरबी जळल्याचा वास. तुझ्या करंगळीशेजारच्या बोटाची कातडी उकलून आली होती आणि तुला पत्ता नव्हता. तुला काही लागलंच नव्हतं. आत्या म्हणाली, बघ, कसा छान शेक बसला. तिच्या मायेला तोड नव्हती, आणि तिच्या मायेनंच तुझं बोट गेलं. बिचारीला हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, मीसुद्धा नाही.

ती जखम भरेना. बोट काळं पडायला लागलं तेव्हा मी तुला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. ते आपल्या देवपुरातलेच, बोलायला तुसडे पण हाताला गुण असलेले. त्यांनी आधी स्वतःच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं. हे रक्त परत आलं, म्हणाले. मग तुझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. ते तसंच राहिलं, मळलेल्या कणकेसारखं. आपण तिघंही त्या नखाकडे बघत बसलो. मला वाटलं आता होईल, आता होईल.

रक्त थंड वगैरे काही पडलेलं नाही, डॉक्टर म्हणाले, रक्त तिथं पोचतच नाही. तंबाखूच्या धुरानं रक्ताच्या नळ्या आवळतात, काही माणसांच्या तर आतून सुजतात आणि त्यात रक्त गोठून बसतं. पाटात गाळ बसला की शेवटच्या वाफ्याला पाणी मिळत नाही, आणि शेवटचा वाफा म्हणजे तुमची बोटं. तू लगेच म्हणालास की आपले वडील जन्मभर चिलीम ओढत होते, त्यांना कुठं काय झालं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना होत नाही, तुम्हाला झालंय. एक बोट काढावं लागेल. विडी सोडलीत तर बाकीचा पाय तुमचा. मोठी नळी आता उघडायची नाही, पण रक्त आडवाटेनं, बारीक बारीक नळ्यांतून वाट काढतं. विडी सोडली नाहीत तर आधी पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. आणि कमी करतो वगैरे मला सांगू नका, दिवसाची एक ओढलीत तरी नळीला ती शंभरासारखीच.

बोट काढून तू घरी आलास. पायमशीनवर बसणाऱ्या माणसाचा पाय जायचा म्हणजे काय, हे मला तुला सांगायची गरज नव्हती. तरी रोज सांगितलं. सकाळी, जेवताना, पट्टी बदलताना. तू हो म्हणायचास. सोडली, म्हणायचास. आणि टोपी झटकली की त्यातून विडी पडायची. मशीनच्या खणात, उशीच्या अभ्र्यात, एकदा तर माझ्याच शिवायला टाकलेल्या पोलक्याच्या बाहीत. मी त्या चुलीत घालायचे आणि तू नवा कट्टा आणायचास. शाळेत साठ मुली माझ्या एका नजरेत गप्प बसायच्या, आणि घरात एक भाऊ आवरत नव्हता. मी रडले की तू म्हणायचास, "पाय मना शे, तू कसाले रडस?" पाय तुझा होता, पण मला तुझ्याशिवाय दुसरं होतं कोण?

एक दिवस पुलावर मी तुला पैजेवर आणलं. म्हटलं, पोटरी धरली की थांब, पण पेटवू नकोस. नुसता उभा राहा, मी शाळेला उशीर करीन. तू उभा राहिलास. काडेपेटी माझ्या पिशवीत. तू एकदा माझ्याकडे बघायचास, एकदा नदीकडे. जेवढ्या वेळात विडी अर्धी व्हायची तेवढ्याच वेळात तुझी पोटरी सुटली. तुझ्या तोंडावर मला ते दिसलं. मी काही बोलले नाही, मोठ्या कष्टानं बोलले नाही. तू चार पावलं चाललास आणि म्हणालास, आज वारा चांगला आहे, त्यानं सुटली. मग मात्र मी पुलावरच हात जोडले तुला.

मला राग ह्याचा होता की तुला सगळं कळत होतं. नखाचं कळलं होतं, पोटरीचं कळलं होतं. मग हा माणूस सोडत का नाही? दुसरं बोटही निळं दिसायला लागलं होतं. ते उत्तर मला आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मिळालं.

दर आखाजीला तू वहिनीच्या नावानं घागर भरायचास, चुलीतल्या विस्तवावर तिच्या नावाचा घास टाकायचास. त्या वर्षीही पुरणपोळी, आमरस, सांजोरी सगळं झालं. शेजारच्या माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. तू विस्तवासमोर बसला होतास, आणि घास टाकायच्या आधी तू खिशातून विडी काढून निखाऱ्याला लावलीस. वर्षाच्या सणाला, पितरांच्या घासापुढे. माझा तोल गेला. मी म्हटलं, तुला लाज कशी वाटत नाही. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मग हळूच सांगायला लागलास. तुझे हात मशीनवर गुंतलेले असायचे, म्हणून वहिनी तुझी विडी चुलीवर पेटवून आणायची. पेटायला हवी म्हणून पहिला झुरका ती ओढायची, आणि खोकत खोकत तुझ्या ओठांत द्यायची. सासू, म्हणजे आपली आई, बघेल म्हणून पदराआड. तेवढा एक खेळ तुमच्या दोघांच्या संसारात होता, कारण बाकी संसाराला वेळच मिळाला नाही.

"बिडी पेटाडी का ती जोडे उभी ऱ्हास," तू म्हणालास. "तिले बी सोडी देऊ का?"

विडी पेटवली की ती जवळ येऊन उभी राहते. नाना, इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणून सगळे तुझ्या मागे लागायचे, त्यात मीही होते, आणि तू विडी पेटवून विषय संपवायचास. बाहेर झोक्यावरच्या बाया हसत होत्या. मी मास्तरीण नव्हते तेव्हा, तुझ्यामागे फिरणारी ती शेंबडी पोर होते, आणि जे तोंडात आलं ते बोलले.

"ती गई, नाना. पाय आजून शे."

विडी तुझ्या हातातच विझली. मग खिशातला सगळा कट्टा काढलास, वहिनीच्या घासाशेजारी विस्तवावर ठेवलास आणि पाणी फिरवलंस. घरभर धूर झाला, आपण दोघंही खोकलो. त्या दिवशी तू जेवला नाहीस. मीही नाही.

त्यानंतरचे दिवस कुणी वैऱ्यानंही बघू नयेत. तू पायजम्याला दोन्ही पाय डाव्याच बाजूचे शिवलेस. गिऱ्हाइकांवर खेकसलास. फुटाणे खाऊन खाऊन पोट बिघडवून घेतलंस. आणि दुकानात तर प्रत्येक जण विडी पुढे करणार. साक्रीकडचा एक म्हातारा शेतकरी, तुझं जुनं गिऱ्हाईक, तू नको म्हटल्यावर उठायलाच निघाला. म्हणाला, "मनी बिडी तुले चालत नही का?" आपल्याकडे एकाची विडी दुसऱ्यानं नाकारली म्हणजे वैरच. तेव्हा तू युक्ती काढलीस. विडी घ्यायची, कपाळाला लावायची आणि कानावर ठेवायची. देणाऱ्याचा मान राहिला, पेटवायची तेवढी टळली. संध्याकाळी तू पूल ओलांडून घरी यायचास तेव्हा तुझ्या दोन्ही कानांवर विड्या. मी दारातच हात पुढे करायची आणि तू शहाण्या मुलासारखा काढून द्यायचास.

दर रविवारी मी तुझ्या अंगठ्याचं नख दाबायचे. आधी काहीच नाही, कणीक ती कणीकच. तू म्हणायचास, बघ, सोडून काय मिळालं. मलाही आतून भीती वाटायची, पण तोंडानं म्हणायची, रक्ताला काय आगगाडी आहे का, वाट शोधत येतंय बिचारं. मग एका रविवारी, पावसाळ्याच्या तोंडाशी, मी नख सोडलं आणि कडेला किंचित गुलाबी झाक आली. मी परत दाबलं, परत आली. तू म्हणालास, उजेडाचा भास आहे. मी तुला ओट्यावर नेलं, तिथंही आली. कापलेल्या बोटाची जखम कडेनं लाल व्हायला लागली आणि दिवाळीपर्यंत मिटली. निळं पडलेलं बोट वाचलं. हिवाळा आला तेव्हा मी तुझ्या गोधडीत हात घालून पाय बघायची, आणि तू ओरडायचास, कारण आता माझाच हात गार असायचा.

आणि पूल. एक दिवस आपण शाळेतल्या कसल्याशा भानगडीवर बोलत चाललो होतो आणि बोलता बोलता पलीकडे पोचलो. तू थांबलाच नाहीस. तुझ्या लक्षातही आलं नाही. मी बोलले नाही, बोलले असते तर तू नेमका थांबला असतास. शाळेत जाऊन मी पहिल्या तासाला मुलींना काहीतरी लिहायला दिलं आणि खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

मथुरा आत्या गेली तेव्हा मात्र घात झाला. आपण चाळीसगावला गाडी बदलून जळगावला पोचलो. तिच्या दारावर ताट फिरत होतं. तिथं कानावर ठेवून भागत नाही. ज्या माणसाच्या दारावर बसलोय त्याच्या नावाची विडी पेटवावीच लागते, नाहीतर मयताचा अपमान. आणि ज्या आत्यानं स्वतःच्या हातानं तुला विड्या दिल्या तिची विडी तू कशी नाकारणार? बायकांच्या घोळक्यातून मी तुला बघत होते. तू एक पेटवलीस. मग कुणीतरी दुसरी दिली. तेराव्यापर्यंत तू परत पहिल्यासारखा झालास, आणि धुळ्याला आल्यावर तुझं चालणं परत पुलाच्या अर्ध्यावर तुटलं. नख परत पांढरं. ह्या खेपेला मी रडले नाही, भांडले नाही. रविवारी नुसतं नख दाबून तुला दाखवायचे आणि उठून जायचे. ते तुला भांडणापेक्षा जड गेलं असणार. तुझं तूच परत सोडलंस, आणि रक्त परत आलं, पहिल्यापेक्षा सावकाश, पहिल्याइतकं नाही, पण आलं. त्यानंतर तू कुणाच्याही दारावर गेलास की मी तुझ्याबरोबर यायची, आणि लोक म्हणायचे, मास्तरीण भावाला शाळेतल्यासारखी धरून हिंडते. हिंडते तर हिंडते.

कळलं आता, मी तुझ्या दारावरचं ताट का उचललं? तिथं बसलेल्यांत कुणा बहिणीचा भाऊ असेल, नुकतीच विडी सोडलेला. तुझ्या नावानं त्याला पेटवावी लागली असती.

पण तू कधी कबूल केलं नाहीस हं. एवढी वर्षं पाय चालला, लढाईच्या दिवसांत कंट्रोलचं, रेशनवरचं कापड शिवून शिवून पायडल झिजलं, पण तुझं टुमणं तेच. पाय निर्गुडीच्या तेलानं बरा झाला. पाय मलमानं बरा झाला. वाईट दिवस होते, गेले. बिडीचा त्यात काही संबंध नाही, ती आपली मी तुझ्यासाठी सोडली, एवढं म्हणायचास. मी म्हणायची, माझ्यासाठी नको, पायासाठी सोडलीस म्हण. तू टेप गळ्यात टाकून उठायचास. कुणी पाहुणा आला की मी मुद्दाम विषय काढायची आणि तू मुद्दाम निर्गुडीचं नाव घ्यायचास. त्या भांडणाशिवाय आपली दिवाळी झाली नाही.

माझ्यासाठी सोडली, हे तू म्हणायचास, आणि मी एकदाही म्हटलं नाही की हो, मला माहीत आहे. तुझे उपकार माझ्यावर काय कमी होते, त्यात आणखी हा एक कशाला, असं काहीतरी माझ्या मनात असायचं. आज म्हणते. तू पायडल मारून मला उभं केलंस आणि मग माझ्यासाठी वहिनीलाही विस्तवावर ठेवलंस. आता ऐकायला तू नाहीस, आणि असतास तर टेप गळ्यात टाकून उठला असतास.

तुझा शेवटचा ताप छातीत उतरला तेव्हा तेच डॉक्टर आले. आता तेही म्हातारे झालेत. त्यांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि मला ओट्यावर बोलावून म्हणाले, आता पथ्य कसलं, त्याला जे हवं ते द्या. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, हो, तेसुद्धा.

तू काही मागितलं नव्हतंस. पण दुपारी तुझी दोन बोटं सारखी ओठांकडे जात होती आणि परत येत होती. मी बघून बघून उठले. जन्मात पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेले आणि विडीचा कट्टा मागितला. तो बघतच राहिला. मास्तरीणबाई, कुणाला, म्हणाला. मी म्हटलं, नानाला. त्यानं मान खाली घातली आणि चांगला ताजा कट्टा निवडून दिला. येताना मी मनातल्या मनात वहिनीला सांगत होते की पेटवायला मला जमणार नाही, तू ये.

मी एक विडी काढून तुझ्या डोळ्यांपुढे धरली. तू ओळखलीस. तुझ्या तोंडावर जे आलं ते मी आखाजीनंतर पाहिलं नव्हतं. तू हात उचललास, विडीला बोट लावलंस आणि कपाळाशी नेलीस. मग माझ्या हातात परत दिलीस. श्वास पुरत नव्हता, तरी शब्द स्पष्ट होते.

"नको वं," तू म्हणालास. "पाय थंडा पडी जातीन."

मी गोधडीत हात घातला. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गार पडले होते.

"पाय गरम शेत, नाना," मी म्हटलं. "चांगला गरम शेत."